बिनमुहूर्ताचा मुक्काम

वहिनी, तुला जाऊन दोन महिने झाले आणि मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी आई मला म्हणाली, "यंदाच्या मुक्कामाचं आता तूच पाह्य." मला आनंद झाला. आधी आनंद झाला, मग लाज वाटली. क्रम हाच होता आणि तो उलटा करून लिहायची माझी तयारी नाही. तुझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून मी तुझ्यावर जळत आले. तू गेल्यावर ते थांबेल असं वाटलं होतं, थांबलेलं नाही. हे तुला सांगितल्याशिवाय तुझ्याविषयी मला दुसरं काही लिहिता येणार नाही.

आपण सत्तावीस माणसं. आई, बाबा, दादा, तू, तुमची दोन पोरं, मी. सिंदीचे काका-काकू आणि त्यांच्या घरचे. दोन आत्या, त्यांच्या लेकी, जावई, नातवंडं. वर्षातून एकदा हे सगळे दोन दिवस बाहेरगावी जाऊन एका छताखाली झोपतात. ते छत शोधणं हे तुझं काम होतं, आणि ते तुला कुणी दिलेलं नव्हतं. तू येण्याआधी आपली सहल म्हणजे तीन गाड्या, तीन लॉज आणि परतल्यावर तीन महिने अबोला. कुणाला खिडकीची खोली मिळाली, कुणाला जिन्याखालची, यावर आत्या आणि काकू दिवाळीपर्यंत बोलत नसत.

तुझं पहिलं वर्ष. अंगणात सगळे बसलेले, आणि समुद्रपूरहून नुकतीच आलेली नवी सून तू, चहा देता देता म्हणालीस, "सगळे एकाच ठिकाणी काऊन नाई राहत?"

काका हसले. "एवढ्या लोकाईले कोण ठेवन बाई?"

"लग्नात कोण ठेवते?" तू म्हणालीस.

एवढाच तुझा शोध. लग्न नसलेल्या दिवशी मंगल कार्यालय रिकामं पडलेलं असतं. त्यात मोठा हॉल असतो, पन्नास गाद्या असतात, मागे चूल असते, रांगेने न्हाण्या असतात, आणि पौष महिन्यात तिथे कुत्रंही फिरकत नाही. तू भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुहूर्त शोधायचीस ते टाळण्यासाठी. ज्या तारखेला महाराष्ट्रात कुणीच लग्न करत नाही, ती आपली तारीख.

इथेच तू मला पहिल्यांदा हरवलंस. मी सतरा वर्षांची असताना एक पत्रक लिहिलं होतं: 'पौष महिना अशुभ कसा?' बाबांच्या प्रेसमध्ये, उरलेल्या पिवळ्या कागदावर पाचशे प्रती. मी ती बजाज चौकात वाटली, बसस्टँडवर वाटली, कॉलेजच्या गेटवर उभी राहून वाटली. आईने त्यातली एक चवड डाळींच्या डब्यांखाली अंथरली. पौषात उंबरा ओलांडून प्रवासाला निघायचं नाही हा तिचा नेम पत्रकाने इंचभरही हलला नाही. तू एकही शब्द लिहिला नाहीस. तू फक्त म्हणालीस, "आई, पौषात गेलो तर गाद्या धुतलेल्या भेटतेत." आणि आई निघाली! काकू निघाली, दोन्ही आत्या निघाल्या. सात वर्षं आपलं अख्खं घर पौषात प्रवास करतंय आणि कुणाला आठवतही नाही की ते अशुभ होतं. मी जे काम आयुष्याचं म्हणून मानलं ते तू गाद्यांवर करून टाकलंस, आणि तुला ते काम आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. की माहीत होतं? हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हसली असतीस, आणि तुझं ते हसणं मला सहन झालं नसतं.

तुझी यादीही अशीच होती. बाबांच्या प्रेसने पोट भरलं ते लग्नपत्रिकांवर आणि मान राखला तो पत्रकांवर, असं मी कायम म्हणत आले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'निषेध' हा शब्द मला 'नाश्ता'च्या आधी लिहिता येत होता. पत्रिकांची मला चीड होती. सोनेरी शाई, पाकिटात पाकीट, तीन-तीन पानांची नावं. घरी आलेली पत्रिका मी सरळ रद्दीत टाकायची. तू ती रद्दीतून काढायचीस. पत्रिकेच्या तळाशी विवाहस्थळ छापलेलं असतं, कार्यालयाचं नाव, गाव, खुणेची जागा. तू तेवढा तुकडा कापून ठेवायचीस, मागे पेन्सिलने काहीतरी लिहायचीस आणि प्रेसच्या सुतळीने बांधायचीस. अमरावती, यवतमाळ, पुसद, परतवाडा, रामटेक. माझी पाचशे पत्रकं कुणीच जपली नाहीत. तू कापलेला एकही तुकडा हरवला नाही.

माझं लिहिलेलं तू वाचायचीस हेही मला आवडायचं नाही, कारण तू वाचून काहीतरी बोलायचीस आणि ते बरोबर असायचं. "एवढं लांब वाक्य काऊन लिहिलं वं? वाचनाऱ्याले बस पकडाची असते." मी चिडून दोन दिवस बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी ते वाक्य तोडलं. तूच मला पत्रकबाई म्हणायला लागलीस. "पत्रकबाई आली, आता चहा प्याचा का नाई ते विचारून घ्या." सगळं घर हसायचं. तू सुरुवातीला मला, तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान नणंदेला, 'अहो ताई' म्हणायचीस. त्यावर मी तुला समतेवर चांगलं अर्ध्या तासाचं भाषण दिलं होतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं. मंग तू भाजी निवड." तेव्हापासून आपण एकमेकींना तू.

आता माहूर.

तीन वर्षांपूर्वीचा पौष. टेम्पो ट्रॅव्हलरमधून आपण दुपारी साडेबाराला पोचलो. कार्यालय एका समाजाच्या समितीचं होतं, हे तुला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. पोरं आधीच हॉलमध्ये धावली होती. आईने माठ भरून घेतला होता. काकू न्हाणीत शिरली होती, प्रवासात केसांत धूळ गेली म्हणून. दादा गाडीत डिझेल भरायला ड्रायव्हरबरोबर गेला होता. ऑफिसच्या खोलीत आपण तिघंच: तू, मी आणि तिथला व्यवस्थापक. त्याने रजिस्टर उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "कोन्या समाजाचे तुमी?"

तू म्हणालीस, "आपलेच लोक आहो भाऊ."

त्याचं समाधान झालं होतं. त्याने पेन टेकवलं होतं. आणि मी बोलले. आपलेच म्हणजे कोण? आम्ही तुमच्या समाजाचे नाही. आणि असतो तरी सांगितलं नसतं. माणसाला झोपायला जागा देताना जात विचारणं हे काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला? मी चांगलं बोलले, वहिनी. एकही वाक्य लांब नव्हतं. त्याने सगळं ऐकून रजिस्टर मिटलं, टेबलावरच्या किल्ल्या उचलून खिशात टाकल्या आणि म्हणाला, "मंग समितीचा नियम हाये बाई. जागा खाली करा."

त्यातलं माझं बोलणं मी आजही मागे घेत नाही. तो प्रश्न घाण होता. पण दादा परत आला तेव्हा आपल्या पिशव्या रस्त्यावर होत्या, आई माठ धरून लिंबाखाली उभी होती, आणि काकू डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, मानेवर साबणाचा फेस घेऊन दगडावर बसली होती. दादाने तुझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर. "एक काम धड होत नाई तुह्याच्यानं? फोनवर विचारून घेता येत नवतं? सत्तावीस लोकाईले रस्त्यावर आणलं." आणखी बरंच. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते.

तू म्हणालीस, "माह्याच बोलण्यात चूक झाली."

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पाहिलं असतंस तर मी बोलले असते, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. तू पदर खोचलास, रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात गेलीस, तिथून कुठल्याशा मास्तरांच्या घरी गेलीस आणि तासाभरात शाळेचे दोन वर्ग उघडून घेतलेस. शनिवार होता, मुलं नव्हती. बाकं भिंतीला लावून आपण चादरी अंथरल्या.

संध्याकाळच्या आधी मी तुला शाळेच्या नळावर गाठलं. माफी मागायला नाही, वाद घालायला. मी म्हटलं, तू खोटं बोललीस.

"म्या खोटं कुठी बोलली? आपलेच लोक म्हटलं. आपले-परके अशी वाटणी तू केली."

"हा शब्दांचा खेळ आहे वहिनी. त्याने जातच विचारली होती."

"हो. तुह्यं बरोबरच होतं." तू तांब्या घासत होतीस. "पण काकूच्या डोक्याले साबण होतं वं."

"खरं बोलायला वेळ पाहायची असते का?"

"खऱ्याले नसन पाहाची. काकूची पाहाची असते."

मी पाय आपटत निघून गेले. वाद तिथेच राहिला. पुढे कितीदा तो मनात घोळवला. माझ्याकडे आता उत्तरं तयार आहेत, पाठ आहेत, तुझ्या प्रत्येक वाक्याला दोन. तू मात्र तांब्या घासून झाला तशी उठून गेलीस आणि पुन्हा तो विषय काढला नाहीस.

पण मला तुला वादाबद्दल सांगायचं नाही. मला सांगायचंय त्या दोन हातांच्या अंतराबद्दल. जो व्यवस्थापक मला आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हता त्याच्याशी मी खरं बोलले, आणि माझ्या भावाशी बोलले नाही. नंतरही नाही. घरात हळूहळू एक वाक्य तयार झालं: "वैनीनं एकदाच चुकवलं, माहूरले." प्रेमानेच म्हणायचे सगळे, चिडवायला म्हणायचे, आणि तू त्यांच्याबरोबर हसायचीस. आणि मला, वहिनी, ते वाक्य ऐकलं की बरं वाटायचं.  आई आजारी पडली की तुझ्या हातचं पाणी मागायची, माझ्या नाही. पोरं रडली की तुझ्याकडे धावायची. दादा, जो मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचा, तो कुठलीही गोष्ट आधी तुला सांगायचा. कुठल्या कुठल्या गावचे चौकीदार तुला नावाने ओळखायचे. या सगळ्याच्या विरुद्ध माझ्याजवळ एकच गोष्ट होती, की तू एकदा चुकली होतीस. आणि ती चूक माझी होती. तीसुद्धा तुझी नव्हती. मी ती तुझ्या नावावर राहू दिली आणि तिच्या उबेला तीन वर्षं बसले.

म्हणून आईने काम दिलं तेव्हा आनंद झाला. सिंदीचे काका म्हणत होते, यंदा नको, घरात वर्ष झालं नाही. आई म्हणाली, "मुक्काम काई सण थोडीच हाये? जमलो नाई तर पुढच्या वर्षी कोणी कोणाले ओळखणार नाई." तिचं खरं होतं. तू असताना जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं होतं. धाकटी आत्या म्हणायला लागली होती की आम्ही आमचं हॉटेल पाहतो. काकांच्या मोठ्या मुलाने मोबाईलवर आपल्यापुरती खोली बघूनही ठेवली. मला वाटलं, हे मी सांभाळीन. तुझ्याहून नीट सांभाळीन.

तुझं सुतळीचं गाठोडं मी उघडलं नाही. मला माझं छत शोधायचं होतं. दिनदर्शिकेलाही हात लावला नाही. मुहूर्त बघणं, टाळण्यासाठी का होईना, माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पोरांना सुट्टी कधी ते पाहिलं, मार्गशीर्षातले दोन दिवस धरले आणि फोन लावत सुटले. बारा कार्यालयं. अकरा जणांनी नाही म्हटलं. बाराव्याने जरा दया करून विचारलं, "बाई, पहिल्यांदाच करून राह्यल्या का? मार्गशीर्षात कोणतं कार्यालय खाली राह्यन? पंचांग पाहात जा जरा." मी, पौषावर पत्रक लिहिलेली मी, एका कार्यालयवाल्याकडून पंचांग पाहायचा सल्ला घेऊन फोन ठेवला. तू हसली असतीस ना? हस.

मागच्या रविवारी सगळे घरी जमले. मी सांगितलं, जागा मिळाली नाही. कुणी रागावलं नाही, तेच वाईट होतं. आत्याने आपल्या मुलीकडे पाहिलं, मुलीने मोबाईल काढला. चार वेगवेगळी हॉटेलं ठरायला दहा मिनिटं पुरली असती. आणि काकांनी माझी समजूत काढायची म्हणून पाठीवर हात ठेवला. "मनाले लावून नको घेऊ पोरी. चुका तिच्याबी झाल्या. माहूर आठवते ना?"

सगळे हसले, तुझी आठवण आल्यावर हसतात तसे. दादाही हसला.

तेव्हा मी सांगितलं. उभी राहून नाही, आवाज चढवून नाही. रजिस्टर, प्रश्न, तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले. किल्ल्या त्याने खिशात टाकल्या ते. तुझं काहीच चुकलं नव्हतं ते.

काकू म्हणाली, "म्हणजे माह्या डोक्याले साबण होतं तवा तू भाषण देत होती?" एक-दोघांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं, कारण दादा माझ्याकडे बघत होता.

"मी त्या दिवशी तिले काय काय बोललो, आठवते तुले?"

"आठवतं."

"अन् तू तिथीच उभी होती."

"हो."

"घरी आल्यावर आठ दिवस बोललो नाई मी तिच्याशी," दादा म्हणाला. "आठ दिवस. ताट वाढाची, मी जेवून उठाचो. हे तुले माहीत नसन."

मला माहीत नव्हतं. तू तेही कुणाला कळू दिलं नव्हतंस. दादा उठला, चप्पल घातली आणि प्रेसकडे गेला. रविवारी प्रेस बंद असते. आई म्हणाली, "तिले जिती असताना सांगाचं होतं हे." 

बुधवारपर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. मी प्रेसमध्ये त्याच्या समोरच्याच टेबलावर मुद्रितं तपासत बसायची आणि तो सगळी कामं बाबांमार्फत सांगायचा. चारच दिवस. तू आठ दिवस कसे काढलेस, तेही वाढता वाढता, आणि कुणाला चेहऱ्यावरून कळू न देता? मला तेव्हाही, वहिनी, सहानुभूतीच्या आधी मत्सरच वाटला. मला हे जमलं नसतं.

बुधवारी दुपारी त्याने तुझं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. "उघड. तिच्या अक्षरात हाये, मले पाहावत नाई. तू वाच." आणि तिथेच स्टुलावर बसला.

मी सुतळी सोडली. एकेक तुकडा उलटा करून वाचला. पुढे सोनेरी अक्षरं, मागे तुझी पेन्सिल. 'जिने कमी, आत्याले चालते.' 'नळ सकाळीच.' 'चूल मागे, लाकडं आपली.' 'म्हाताऱ्या चौकीदाराले ऐकू येत नाई, बायकोशी बोलाचं.' जुन्या तुकड्यांवर एवढंच. नव्यांवर, माहूरनंतरच्या जवळजवळ सगळ्यांवर, शेवटी आणखी एक ओळ: 'विचारत नाईत.' मला आधी कळलं नाही. चौथ्या-पाचव्या तुकड्यावर कळलं. यवतमाळच्या दोन तुकड्यांवर काट मारून लिहिलं होतं, 'विचारतेत.' तिथे आपण कधीच गेलो नाही.

म्हणजे तिथे जात विचारतात का, हे तू आधी फोन करून काढून घ्यायचीस. तीन वर्षं. मला न सांगता. नळावरचा तो वाद तू हरली होतीस की जिंकली होतीस, आता कोण सांगणार? मी पत्रकात 'जात विचारणाऱ्या दारांवर बहिष्कार' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. तू तशा दारावर काट मारून दुसरं कार्यालय शोधायचीस, आणि आम्ही सगळे आरामात झोपायचो. दादाने विचारलं, "काय लिहिलं हाये?" मी वाचून दाखवलं. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "लाव फोन. पौषातले शनिवार-रविवार पाह्य." मी दिनदर्शिका उतरवली.

परतवाड्याचा तुकडा वर होता. 'कमलबाई. चांगली हाये. विचारत नाईत.' आणि खाली फोन नंबर. फोन तिनेच उचलला. मी म्हटलं, वर्ध्याहून बोलते, प्रेसवाल्यांच्या घरून.

"ओ माय! अर्चनाताईच्या घरचे! ताई कुठी हाये? यंदा फोन काऊन नाई केला तिनं? पौष येऊन राह्यला, मी वाटच पाहून राह्यली."

मी सांगितलं. पलीकडे बादलीत पाणी पडत होतं. मग नळ बंद झाला. कमलबाई रडली, आणि मी फोन कानाला लावून ऐकत बसले. चिखलदऱ्याला जाताना दोन वर्षं एकेक रात्र जिथे आपण राहिलो होतो तिथली एक बाई तुझ्यासाठी माझ्यापेक्षा मोकळी रडत होती, आणि मला तिचाही राग आला.

"मंग ते खोली?" ती म्हणाली.

"कोणती खोली?"

"नवरीची वं. नवरीवाल्याइची असते ना लहानी खोली, आरसेवाली. तुमी सारे जेवून हॉलमधी लवंडले का ताई माह्याकडून किल्ली घ्याची. तासभर आतून कडी लावून बसाची. दोन्ही वर्षं. म्हणे, कमलबाई, घरी मले कडी लावाले एक दार नाई."

"आत काय करायची?"

"काईच नाई. एकदा म्या पाणी द्याले खिडकीतून पाह्यलं. सतरंजीवर पाय लांब करून बसली होती. आरशाकडे पाठ करून. म्या हाक नाई मारली."

आम्हाला वाटायचं तू भाजी आणायला गेलीस. एक तास गेल्यावर कुणीतरी म्हणायचं, "वैनी कुठी गेली?" आणि दुसरं कुणीतरी म्हणायचं, "भाजी आणाले." बाहेरून येताना तुझ्या हातात कधी पिशवी नसायची, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. सत्तावीस जणांना एका हॉलमध्ये झोपवणारी तू, त्या सत्तावीस जणांपासून लपून एक खोली मागून घेत होतीस. आणि ते तू मला सांगितलं नाहीस, दादाला नाही, तुझ्या पोरांना नाही. कमलबाईला सांगितलंस. इतकी वर्षं मी तुझ्यावर जळले, वहिनी. बुधवारी पहिल्यांदा मी तुझ्यासाठी दुसऱ्या कुणावर तरी जळले.

मी विचारलं, "आणखी काय म्हणायची ती?"

"या ना. आले का सांगतो बसून. लय बोलाची माह्याशी." मग तिने नाक ओढलं आणि कामाच्या आवाजात विचारलं, "गाद्या धुऊन ठेवतो. अन् ते खोली झाडून ठेवू का तशीच राहू द्यू? आता कोण बसन तिथी?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मला आई आठवली. वयाच्या सतराव्या वर्षी या घरात आली, आता सत्तरीला टेकली. स्त्रियांच्या हक्कांवर मी लिहिलेली पत्रकं तिच्या डब्यांखाली आहेत, आणि तिला कधी तासभर एक दार आतून लावता आलं का, हे मी एकाही पत्रकात विचारलेलं नाही. तिलाही विचारलेलं नाही.

"झाडून ठेवा," मी म्हटलं. "आई बसेल."

पौषातला दुसरा शनिवार ठरला आहे. सगळे येणार आहेत, आत्याच्या मुलीनेही हॉटेल सोडलं. खोलीचं मी अजून कुणाला बोलले नाही, आईलासुद्धा नाही. ती म्हणेल, एकटी आत बसून मी करू काय? मला ते माहीत नाही, तू तेवढं कमलबाईलाही सांगून गेली नाहीस. मी तिच्या हातात किल्ली देईन आणि बाहेर पायरीवर बसेन. कुणी शोधत आलं तर सांगेन, भाजी आणायला गेली.